ऑपरेशननंतरचा कॉन्ट्रास्ट एमआरआय : आठ महिन्यांनी लिहितोय

जिंतूरला माझं खताचं दुकान आहे. युरियाचं पोतं हल्ली 50 ऐवजी 45 किलोचं येतं, कमरेला तो फरक कळत नाही. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल-4 एल-5) गादी सरकली म्हणून ऑपरेशन झालं, वर्षभर झकास गेलं. मग पुन्हा कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तीच चमक.

आधी परभणीत साधा एमआरआय करून आलो. ऑपरेशन झालंय का, हे तिथं कुणी विचारलं नाही, मीही शहाण्यासारखं बोललो नाही. रिपोर्ट आला : गादी पुन्हा निसटली असेल किंवा जखमेचा व्रण असेल, कॉन्ट्रास्ट (शिरेत औषध टोचून काढलेला एमआरआय) करून बघा. पैसे पाण्यात.

मग संभाजीनगर. रक्तातलं क्रिएटिनिन लागतं हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून ते आधी बघतात. त्यापायी दोन तास लोखंडी बाकावर, ते पण अशा कमरेनं! चांदीचा करदोडा काढायला लावला. गाठ सुटेना, शेवटी कात्री लावली. आधी साधे फोटो, मग हातात त्या औषधाचं, गॅडोलिनियमचं, इंजेक्शन, कोपरापर्यंत गारवा चढला आणि लगेच पुन्हा मशीनमध्ये. उशीर झाला तर औषध गादीच्या तुकड्यातही झिरपतं आणि फरक कळत नाही म्हणे.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. नसेभोवती पांढरट ढग. "व्रणात रक्तवाहिन्या असतात, तो उजळतो. गादीचा तुकडा असता तर मधे काळाच राहिला असता, कडेला तेवढी पांढरी रेघ." ऑपरेशनआधीची फिल्म शेजारी लावल्यावर मलाही दिसलं. ती बायकोनं जपली होती, गादीचा फोटो गादीखालीच.

एमआरआय झोपवून काढतात, माझं दुखणं उभं राहिल्यावरचं. म्हणून पुढं वाकून, मागं वाकून एक्स-रेही काढला. मणका सरकत नव्हता. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर मात्र नंबरची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

दुसरं ऑपरेशन टळलं. व्रण कापला की तिथं नवा व्रण धरतो. नसेच्या गोळ्या आणि व्यायाम चालू आहे. पोती आता पोरगा उचलतो. येलदरीपर्यंत मोटरसायकल जाते, येताना एकदा उतरून उभं राहावं लागतं.