खिडकीतील परसबाग : मुलुंडच्या एका वर्गाचा आणि त्यांच्या साहित्यसंचाचा अनुभव

मुलुंड पूर्वेतील एक संस्था स्त्रियांसाठी सहा शनिवारांचा परसबागेचा वर्ग चालवते. शुल्क 1,200 रुपये असून कुंड्या, माती व बियाण्यांचा संच घेतल्यास आणखी 1,400 रुपये भरावे लागतात. गेल्या सप्टेंबरमध्ये मी सासूबाईंसह नाव नोंदवले आणि दोघींत एक संच घेतला. आमचे घर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर आहे. जागा म्हणाल तर पूर्वेच्या खिडकीचे ग्रिल, आणि ऊन सकाळी अकरापर्यंत.

वर्ग उत्तम आहे, हे आधीच सांगते. त्यातही चौथा शनिवार मला सर्वाधिक मोलाचा वाटला, कारण त्या दिवशी मातीला कुणी हातच लावला नाही. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला आदल्या रात्री घरात कोण कितव्या क्रमाने जेवले आणि आपल्या ताटात काय उरले, ते लिहायला सांगितले. आम्हा अठरा जणींपैकी बहुतेकींच्या कागदावर पोळी आणि भाजीचा रस्सा एवढेच होते. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) आढळले आहे; तो आकडा सांगून बाई म्हणाल्या, "घरची भाजी पिकवाल आणि पुन्हा शेवटीच जेवाल, तर कुंड्या फुकट गेल्या. वाढायला घेण्याआधी स्वतःची वाटी बाजूला काढा." पालेभाजीवर लिंबू पिळावे म्हणजे त्यातील लोह अंगी लागते आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, हेही त्यांनी नीट समजावले. सासूबाईंनी चहा सोडला नाही, तासभर पुढे ढकलला.

संचाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळालेल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण वर्गात आदराने दिले जाते, आणि संचातून संकरित टोमॅटो, ब्रोकोली व लेट्यूसची पाकिटे निघतात. संकरित वाणाचे बी पुढच्या हंगामासाठी राखून उपयोग नाही, कारण रोपे मूळ झाडासारखी निपजतीलच असे नसते. शिवाय टोमॅटोला निदान सहा तास कडक ऊन लागते. आमच्या ग्रिलमध्ये तो हातभर वाढला, चार फुले आली आणि गळून गेली. सहापैकी दोन कुंड्यांना तळाला भोकेच नव्हती. दूरध्वनीवर दोनदा "कळवतो" असे उत्तर मिळाल्यावर सासूबाईंनी सळई तापवून ती पाडली.

शेवटी घर चालले ते मायाळू आणि लाल माठावर. मायाळूची वीतभर कांडी खोचली की मुंबईच्या दमट हवेत ती आपोआप ग्रिलवर चढते. शेंडा खुडावा, तसे बगलेतून दोन नवे फुटवे येतात. ऑक्टोबर ते जानेवारी मी प्रत्येक खुडणी तोलून कालनिर्णयवर लिहीत गेले, ती साडेसहा किलो भरली, म्हणजे रोजची सरासरी जेमतेम 53 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे बाईने रोज सुमारे 100 ग्रॅम पालेभाजी खायला हवी, तेव्हा ही एकीचीही निम्मीच गरज झाली. संस्थेच्या पत्रकातील "कुटुंबाचे पोषण आता खिडकीतून" हे वाक्य त्यामुळे मला पटत नाही. बाजारातील जुडी चुकत नाही. पण संध्याकाळी वरणात मूठभर पाला पडतो आणि तो कधी, किती घालायचा हे ठरवताना कुणाकडे पैसे मागावे लागत नाहीत.

आणखी एक खटकते. शनिवारी सकाळी अकराची वेळ आणि हे शुल्क पाहता, दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या ज्या स्त्रियांना या वर्गाची खरी गरज आहे, त्यांच्यापैकी एकही आमच्या तुकडीत नव्हती. बचत गटांना निम्मे शुल्क असल्याचे मला शेवटच्या दिवशी समजले. ते पत्रकावर ठळक छापायला हवे.

नाव नोंदवायचे असल्यास फक्त वर्गाचे पैसे भरावेत. कुंड्यांऐवजी रंगाचे रिकामे डबे धुऊन, तळाला भोके पाडून चालतात, माठाचे बी पुड्यांतून स्वस्तात मिळते आणि मायाळूची कांडी शेजारणीकडे मागावी.