पॉलिफॉस्फोएस्टर घ्यावं की पॉलिफॉस्फाझिन?

माटुंग्याला (आयसीटीत) किंवा पवईला (आयआयटीत) औषधवाहक पॉलिमरवर, म्हणजे शरीरात औषध हळूहळू सोडून विरणाऱ्या पॉलिमरवर, प्रोजेक्ट घेतलं की गाइड बहुतेक वेळा पीएलजीए, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा पॉलिमर, सुचवतात. त्यात वावगं काही नाही. ल्युप्रॉन डेपो हे प्रोस्टेट कर्करोगाचं इंजेक्शन १९८९ पासून त्यावरच चाललंय. औषध आम्ल सोसणारं असेल तर पीएलजीएच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. आत प्रथिन असेल तर मात्र पंचाईत. विघटनातून निघालेलं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल कणाच्या पोटात साचतं आणि प्रथिनाचं मातेरं करतं. अशा वेळी फॉस्फरसवाले दोन पर्याय समोर येतात: पॉलिफॉस्फाझिन आणि पॉलिफॉस्फोएस्टर.

पॉलिफॉस्फाझिनच्या कण्यात, म्हणजे मुख्य साखळीत, फॉस्फरस आणि नायट्रोजन आळीपाळीने येतात आणि प्रत्येक फॉस्फरसला दोन बाजूसाखळ्या असतात. सगळी करामत त्यांचीच. ग्लायसिनचा एथिल एस्टर जोडला तर पॉलिमर लवकर विरतो, अ‍ॅलानिनचा जोडला तर सावकाश. मागे फॉस्फेट, अमोनिया, अमिनो आम्ल आणि अल्कोहोल उरतं. यातली पहिली दोन मिळून पीएच सावरून धरतात, म्हणून हाडांच्या स्कॅफोल्डसाठी (नवं हाड वाढायला दिलेल्या आधार-सांगाड्यासाठी) तो पीएलजीएत मिसळूनही वापरून पाहिलाय. कल्पना देखणी आहे, पण बनवायला किचकट. जुन्या पद्धतीत बंद नळीत २५० अंश सेल्सिअसला क्लोरीनवाली साखळी करायची आणि मग एकेक क्लोरीन काढून त्याजागी बाजूसाखळी लावायची. या साखळीला दमट हवा लागली की जेल होऊन बसते, कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये उतरत नाही. काही क्लोरीन बदलायचे राहिले तर तेही पुढे नडतात.

पॉलिफॉस्फोएस्टरचा कणा डीएनएच्या कण्याच्या नात्यातला, फॉस्फेट एस्टरचा. वलयी मोनोमरला टीबीडी किंवा डीबीयू उत्प्रेरक दिला की साखळी काही मिनिटांत तयार, लांबीही बरीचशी हातात राहते. मोनोमर इथेही पाण्याला घाबरतो, पण एका पायरीपुरताच. शरीरातली अल्कलाइन फॉस्फेटेजसारखी विकरंही (एन्झाइम) हा पॉलिमर तोडू शकतात. पाण्यात विरघळणारे प्रकार नॅनोकणांवर पेगऐवजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, नेहमीचं आवरण) चढवता येतात. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाचे ‘पॅक्लिमर’ मायक्रोस्फिअर (सूक्ष्म गोळे) याच घराण्यातले. अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्यांची माणसांवर चाचणीही झाली.

दोन वर्षांचं एमटेक असेल तर माझं मत सरळ पॉलिफॉस्फोएस्टरला. पीएचडी असेल आणि ग्लव्हबॉक्स (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) हाताशी असेल तर फॉस्फाझिनचा विचार करा. दोन्हींत एक सोय आहे: निसर्गातला सगळा फॉस्फरस फॉस्फरस-३१च असल्याने एनएमआरमध्ये (अणूंची ओळख पटवणाऱ्या चुंबकीय तपासणीत) थेट दिसतो. न बदललेला क्लोरीनही तिथेच उघडा पडतो, त्यामुळे प्रत्येक बॅचचा स्पेक्ट्रम काढाच. आणि फॉस्फाझिनच करायचं ठरलं, तर क्लोरीन बदलायचं काम जुलैत काढू नका. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढा.