गळून पडणारे पॉलिप

वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हा 42 वर्षांचे होते. म्हणून धाकट्या भावाला शौचातून रक्त पडू लागलं, तेव्हा आम्ही लगेच दुर्बिणीची तपासणी केली. मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे आतून उगवलेले छोटे कोंब, होते. कारण एपीसी नावाच्या जनुकातला दोष, वडिलांकडून आलेला. आईवडिलांपैकी एकाला असला तरी प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के असते. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, मोठं आतडं काढावं लागेल, नाहीतर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ ठरलेला.

भाऊ 24 वर्षांचा. ऑपरेशनच्या नावानेच घर हादरलं. त्या घाबरलेपणात ओळखीतून चूर्णाचं औषध देणारा एक माणूस भेटला. तीन महिन्यांत पॉलिप मुळासकट गळून पडतील, म्हणाला. आजार घराण्यातला आहे म्हटल्यावर त्याने नातेवाइकांचे नंबरही लिहून घेतले. पथ्य एकच: औषध चालू असताना दुर्बीण घालायची नाही, गुण जातो. सगळी फसवणूक या एका वाक्यात होती. तपासणीच नको म्हणणारा माणूस भेटला, तर कृपा करून तिथून उठा.

चौथ्या दिवशी शौचातून वीतभर लांब, चिकट, रबरासारखे तुकडे पडले. भावाने फोटो पाठवला. उत्तर आलं, "बघा, मूळ सुटलं!" आई देवापुढे बसून आनंदाने रडली. रक्तही थांबलं. पॉलिपमधलं रक्त असं अधूनमधून थांबतं, हे आम्हाला कुठे माहीत? तीन महिन्यांचे चौदा महिने झाले.

मग पुन्हा रक्त, पुन्हा दुर्बीण. पॉलिप होते तिथेच होते, काही तर वाढले होते. एकाच्या बायॉप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, पेशी कॅन्सरच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी समजावलं, पॉलिप ही आतड्याच्या अस्तराचीच वाढ, ती पिकल्या पानासारखी गळत नाही.

त्या रात्री उरलेलं चूर्ण मी ग्लासभर पाण्यात भिजवलं. सकाळी चमचा घातला, तर तसाच रबरी तुकडा लोंबत वर आला. भावाच्या पोटातून पडत होतं ते चूर्णच होतं.

ऑपरेशन झालं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाही पॉलिप होतात, त्यामुळे दुर्बीण जन्मभर ठरलेली.

काकांनाही हाच दोष निघाला आहे. त्यांची धाकटी अकरा वर्षांची आहे, आणि या आजारात दहा-बारा वर्षांपासूनच तपासणी सुरू करतात. परवा त्याच माणसाचा काकांना फोन आला होता.