कॉर्क, फोम, एमसीआर की कोल्हापुरी? गोव्यात कुठल्या पायाला काय घ्यावं

गणेश चवथ जवळ आली की आमच्या घरी चपलांचा विषय निघतोच, कारण पावसाने जुन्या सगळ्या कुजवलेल्या असतात. यंदा तिघांना घ्यायच्या होत्या आणि तिघांची गाऱ्हाणी वेगळी. आई सत्तरीची, मधुमेह जुना, हल्ली तळव्याला नीट कळतच नाही. बायको शाळेत शिकवते, दिवसभर उभी, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाच अशी ठणकते की भिंत धरून चालते. आणि मी वीस वर्षं निमुळते ऑफिसचे बूट घालून उजवा अंगठा शेजारच्या बोटावर चढवून घेतलाय. पणजीत एका दुकानात गेलो तर तिघांनाही त्याने एकच चप्पल काढून दाखवली, वर स्टिकर 'ऑर्थो'. म्हणजे ताप असो, खोकला असो की खरूज, गोळी एकच!

मग घरी येऊन वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं की कुठला प्रकार मुळात कोणाच्या पायासाठी निघाला एवढं कळलं तरी निम्मा घोळ मिटतो.

खरेदीच्या आधी एक करा. जुन्या पेपरावर अनवाणी उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारायला सांगा, स्वतः वाकून मारली तर चुकते. मग अंगठ्याच्या मधोमध पट्टी ठेवून तीच रेघ सरळ मागे टाचेपर्यंत न्या. आईची रेघ बरोब्बर टाचेच्या मध्यावर आली, तिचं अर्धं आयुष्य भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, अनवाणी गेलंय. माझी मात्र टाच सोडून आतल्या बाजूने बाहेर निघून गेली. ही रेघ झुरिकच्या हेर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाची, १८५८ सालची. त्याचं म्हणणं साधं होतं, जोड्याचा पुढचा भाग या रेघेला धरून कापा, अंगठ्याला ढकलू नका. त्याच्याही आधी १७८१ मध्ये कांपर नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने जोड्यांच्या आकारावर निबंध लिहिला होता आणि त्यात कुरकुर केली होती की लोक घोड्याच्या नि बैलाच्या पायाची काळजी घेतात, माणसाच्या पायाला मात्र कोणी विचारत नाही. तेव्हा युरोपात बहुतेक बूट सरळ साच्यावरचे, डावा-उजवा फरकच नाही! पुढे १९१२ च्या सुमारास अमेरिकन लष्करात मन्सन या डॉक्टरने सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासून पुढे रुंद आणि आतली कड सरळ असा साचा काढला. तर माझ्यासारखा अंगठा असेल तर तुम्ही या रांगेतले, पुढे रुंद असलेलं काहीही बघा, मऊपणा नंतर.

आता कॉर्कवाली. बिर्केनस्टॉक या जर्मन चप्पल कंपनीचं घराणं स्वतःला १७७४ पर्यंत मागे नेतं, जर्मनीतल्या एका गावच्या चर्चच्या नोंदीत योहान बिर्केनस्टॉक हा चांभार म्हणून सापडतो. खरं काम केलं ते कोनराडने, १८९६ नंतर फ्रँकफर्टमध्ये. पाय खालून उंचसखल आणि बूट आतून सपाट, हे त्याला पटेना, म्हणून त्याने साचाच खालून वळणदार केला आणि पुढे कमानीला आधार देणारे लवचिक इनसोल विकले. चप्पल आली पार १९६३ मध्ये, त्याच घराण्यातल्या कार्लने काढलेली, एका पट्ट्याची. आपण बघतो ती दोन बकलांची अ‍ॅरिझोना १९७३ ची. अमेरिकेत ती नेली मार्गोट फ्रेझर या बाईने, १९६६ मध्ये स्वतःचे पाय बरे झाले म्हणून, तर तिथले चपलांचे दुकानदार ठेवायला तयार होईनात आणि शेवटी ती हेल्थ फूडच्या दुकानांतून खपली. म्हणजे ही सुरुवातीपासून दुखऱ्या पण शाबूत पायाची चप्पल, टाचेला खोल वाटी, मध्ये कमानीला उंचवटा, बोटांखाली बारीक वरंबा. बायकोला हीच लागू पडली. पहिला आठवडा शिव्या घातल्या, कारण कमानीखालचा उंचवटा टोचतो, रोज तासभर वाढवत जायचं असतं. महिन्याभराने भिंत धरणं कमी झालं, अर्थात ती पोटऱ्यांचे व्यायामही करत होती, सगळं श्रेय चपलेला नको द्यायला.

पण गोव्यात हिचं बिनसतं ते जूनमध्ये. वरचं अस्तर स्वेडचं, म्हणजे मखमली कातड्याचं, घाम पिऊन त्यावर पाच बोटांचा काळा ठसा उमटतो ते एक वेळ चालेल, पण कपाटात पंधरा दिवस ठेवली की पांढरी बुरशी येते, आणि कॉर्क पुन्हा पुन्हा भिजून कडेने भुगा व्हायला लागतो. गाडीत उन्हात ठेवली तरी बिघडते. तेव्हा कॉर्क घ्यायची तर ऑक्टोबर ते मे, किंवा वर्गात-ऑफिसात घालायला, बाहेर दुसरी.

पावसाला फोमच बरा. क्रॉक्स २००२ मध्ये निघाली ती होडीवर घालायला म्हणूनच, पाणी पीत नाही, पुढे ऐसपैस, धुतली की झालं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नकली ढिगाने मिळतात, त्या दोन-तीन महिन्यांत टाचेखाली बसून पापड होतात, आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असलं की विचारूच नका, मी आमच्याच बाल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) पायरीवर साष्टांग नमस्कार घातलाय. तळ उलटा करून नक्षी खोल आहे का बघून घ्या. टाचदुखीवर मात्र नुसता मऊपणा कामाचा नाही, बायकोने आधी फोमच वापरून बघितला होता.

आईचं वेगळं, आणि इथे घाई करू नका. तळव्याला कळत नसेल तर 'घालून बघ, बरं वाटतंय का' हा प्रश्नच फुकट, तिला सगळंच बरं वाटतं. एकदा पार मंगेशीच्या देवळापर्यंत चपलेत खडा घेऊन चालत गेली आणि चपला काढताना मला रक्त दिसलं. अशा पायांसाठीचं काम आपल्याच देशात झालंय, तमिळनाडूतल्या वेल्लोरला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथे आले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करू लागले, त्यांनी दाखवून दिलं की पाय झडतो तो नुसत्या रोगाने नाही, दुखणं कळत नसल्याने त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून जखमा होतात. त्यातूनच मायक्रोसेल्युलर रबरची, म्हणजे एमसीआरची चप्पल रुळली, आज मधुमेहाचे डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात तीच. वर मऊ एमसीआर, खाली काटा आत न येणारा कडक सोल, मागे पट्टा म्हणजे निसटत नाही, आणि खिळा एकही नाही. दुकानात अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत रबर दाबून बघा, साधारण निम्म्यावर यायला हवं आणि सोडलं की परत फुगायला हवं. दिसायला अगदीच सरकारी, आई म्हणाली 'ही घालून लग्नाला कशी जाऊ'. वेल्क्रो तपकिरी रंगाचा करून घेतला, तेवढ्यावर तडजोड. कॉर्कची कडक कड आणि अंगठ्यातला बंद, दोन्ही अशा पायाला नकोत, आणि डॉक्टरला पाय दाखवल्याशिवाय काहीच नको.

कोल्हापुरीची आठवण तुम्ही काढणारच. २०१९ मध्ये तिला जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचा शिक्का, मिळाला, महाराष्ट्र-कर्नाटक दोघांना मिळून. सपाट, टाच नाही, कमान नाही, कातडं हळूहळू तुमच्याच पायाचा ठसा घेतं, बोटं मोकळी. ज्याचं काही दुखत नाही त्याला उत्तम. मुलांच्या बाबतीत तर मला उघड्या चपलाच पटतात, कारण आपल्या खालच्या कर्नाटकात कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले, तेव्हा पायात काहीतरी घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के निघाले आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८, त्यातही बंद बुटांचा वाटा जास्त. पण मुसळधार पावसात कोल्हापुरी म्हणजे भिजलेली पोळी, आणि दुखऱ्या टाचेला ती काहीच देत नाही.

शेवटी घरात आल्या त्या अशा, आईला एमसीआर दोन जोड (एक फक्त घरात, कारण फरशीवरही अनवाणी नको म्हणून सांगितलंय), बायकोला कॉर्क आणि पावसाला फोम, मला पुढे रुंद सँडल. साईज ठरवायला तो पेपर कापून खिशात घेऊन गेलो होतो, आणि संध्याकाळी गेलो, तोवर पाय सुजून खऱ्या मापाला येतात. दुकानदाराने कागदी पाऊल चपलेवर ठेवताना बघितलं आणि विचारलं, काय हो, पादुका बनवताय?