गॅस भरून घ्यायचा की गळती शोधायची?
मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला की गाडीच्या एसीचं पितळ उघडं पडतं. गॅरेजवाला म्हणतो, "गॅस संपला, भरून टाकू." पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. वर्ष-दोन वर्षांत पार कमी झाला, म्हणजे कुठून तरी गळतोय.

नुसता टॉप-अप स्वस्त, झटपट. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) निघून जातो. मात्र आत किती उरलाय ते न मोजता भरला तर जास्तही होतो, मग दाब वाढून गारवा उलट घटतो. शिवाय कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेल गॅससोबतच फिरतं, गळतीतून तेही जातं. कॉम्प्रेसर बसला की खरा खर्च.

गळती शोधायला गाडी गॅरेजात सोडावी लागते. नायट्रोजनचा दाब देऊन तपासणी, ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) नाहीतर कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बदलणं, व्हॅक्यूम करून ओलावा काढणं, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस.

गाडी लवकरच विकायची असेल तर टॉप-अप चालेल (घेणाऱ्याला सांगा म्हणजे झालं). एरवी मी गळतीवरच पैसे घालेन. त्याआधी केबिन फिल्टर (आतली हवा गाळणारा) आणि कंडेन्सरचा पंखा तपासा; कधीकधी गॅस पुरेसाच असतो.