अग्निवीर की पोलीस भरती? माजी सैनिकाचं मत

शिरोळ तालुक्यातल्या एका पोरानं विचारलं, "काका, अग्निवीर होऊ की पोलीस भरतीची वाट बघू?" मैदानात पळायचं दोन्हीकडं १६०० मीटरच. फरक पुढं आहे.

शाश्वतीत पोलीस सरस. शिपाई म्हणून लागलास की ५८ व्या वर्षापर्यंत नोकरी. अग्निवीर म्हणजे फौजेत चार वर्षांपुरता घेतलेला जवान, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, पण ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या रकमेसाठी, कापले जाऊन हातात २१,०००. शेवटी अकरा लाखांच्या वर रक्कम मिळते, पेन्शन नाही. त्या पैशाच्या भरवशावर घरच्यांनी आत्ताच बांधकाम काढू नये, हे कळकळीनं सांगतो. आम्हाला पेन्शन होती, आमचा हिशेब तुम्हाला लागू नाही.

फौजेतले कष्ट भरतीच्या पोस्टरवर दिसत नाहीत. बर्फात रात्री दोन ते चारचा पहारा, रायफलचं लोखंड हातमोज्यातूनही चावतं, आणि दिवसभर काहीच घडत नाही. कंटाळा सोसणं हेच मोठं काम. पण शेजारी झोपलेला जोडीदार सख्ख्या भावापेक्षा जवळचा होतो. ते दुसरीकडं मला कुठंच मिळालं नाही.

पोलिसातही सुख नाही. जोतिबाची यात्रा, गणपती विसर्जन, सगळे सण बंदोबस्तात. तरी आईबापाच्या आजारपणात गाठता येईल एवढ्या अंतरावर असतोस.

वय अठरा-एकोणीस, घरी कमावता भाऊ आणि फौजेची खरी ओढ असेल तर अग्निवीर हो, पदवीचा अभ्यास चालू ठेव. घर तुझ्यावरच असेल तर पोलीस भरतीचीच तयारी कर.