प्रिंटरचं हेड चोक झालंय: बटणाची सफाई, हाताची सफाई की सरळ नवं हेड?

फोटोत आडव्या पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या किंवा काळी अक्षरं मधूनच पुसट आली, की आपण ‘हेड क्लीनिंग’ दाबतो, म्हणजे बारीक छिद्रांतून शाई उडवणाऱ्या भागाची, हेडची, आपोआप होणारी सफाई. फरक नाही पडला तर पुन्हा दाबतो, आणि पुन्हा. शाईची पातळी डोळ्यांदेखत खाली जाते, पान मात्र तसंच राहतं. तीन मार्ग समोर असताना आपण पहिल्याच मार्गावर अडकून पडतो, आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं.

कुठला मार्ग धरायचा हे आधी हेड कुठे आहे त्यावर ठरतं. एचपीच्या बऱ्याच घरगुती प्रिंटरांत आणि कॅननच्या साध्या मॉडेलांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं. कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. एप्सन आणि ब्रदरच्या घरगुती प्रिंटरांत हेड आतच पक्कं बसवलेलं असतं, सहज काढता येत नाही. कॅननच्या काही वरच्या मॉडेलांत आणि जी-सिरीजच्या टाकीवाल्या प्रिंटरांत हेड वेगळं आहे, पण काढता येतं.

दुसरी गोष्ट नोझल चेकचं पान, म्हणजे प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांच्या पायऱ्या छापून कुठली छिद्रं (नोझल) अडलीत ते दाखवणारं चाचणीचं पान. हे पान मी कधीच फेकत नाही, कोपऱ्यात १, २, ३ असे आकडे टाकून ठेवते. दोन पानं शेजारी ठेवा आणि तुटलेल्या रेघा कुठे आहेत ते पाहा. दर वेळी निळ्याची तीच पायरी गायब असेल, तर त्या छिद्रात शाई वाळलेली आहे. पहिल्या पानावर वरची रेघ तुटलेली, दुसऱ्यावर ती भरून आली आणि खालची गेली, असं असेल तर बहुधा शाईच्या वाटेत हवा शिरली आहे. पिवळा रंग पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाही, म्हणून पानावर निळा उजेड पाडा किंवा निळ्या पारदर्शक कागदातून पाहा. पिवळ्या रेघा गडद दिसतात आणि तुटलेली जागा लगेच कळते.

हवा शिरली असेल तर बटणाची सफाई योग्य, पण दोन-तीनदाच. मग प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवायचा. एकामागोमाग सफाई करत राहिलं तर बुडबुडे आणखी आत ओढले जाऊ शकतात. नुसत्या विश्रांतीनंतर सकाळी पूर्ण पान आलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. या सफाईत रबरी टोपी हेडला खालून चिकटते आणि पंप छिद्रांतून शाई ओढून घेतो. ती शाई आतल्या स्पंजात जाते. स्पंज भरला की प्रिंटर छापायचं थांबवतो, म्हणजे दर सफाईत शाई तर जातेच, स्पंजाचं आयुष्यही जातं. म्हणून ‘डीप’ किंवा ‘पॉवर’ क्लीनिंग, म्हणजे जास्त जोराची सफाई, शेवटी एकदाच वापरावी.

तीच रेघ पुन्हा पुन्हा तुटत असेल तर हाताची सफाई. कार्ट्रिजमधल्या हेडला ती अगदी सोपी आहे. टिश्यूची चौपदरी घडी कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलसर करा, कार्ट्रिज छिद्रं खाली करून त्यावर मिनिटभर टेकवा, मग कोरड्या टिश्यूवर हलकेच दाबा. रंगीत कार्ट्रिजचे निळा, गुलाबी, पिवळा असे तीन स्वच्छ पट्टे उमटले पाहिजेत. एखादा पट्टा फिका आला तर तोच रंग अडलाय, पुन्हा टेकवा. तांब्याच्या रंगाचे संपर्कबिंदू पूर्ण कोरडे झाल्याशिवाय कार्ट्रिज परत बसवू नका.

पक्क्या हेडला वेळ लागतो. हेड मधोमध आलं की प्लग काढायचा, म्हणजे ते हाताने सरकतं. त्याच्या वाटेत हेड-क्लीनर द्रवात भिजवलेली टिश्यूची घडी ठेवून हेड त्यावर आणायचं आणि काही तास सोडून द्यायचं. त्याच वेळी बाजूची रबरी टोपी आणि पुसणारी पट्टी ओल्या कापसाने पुसून घ्या. टोपीच्या कडेवर शाईचा थर चढला असेल तर ती नीट बसत नाही, पंपाला ओढ मिळत नाही आणि बटणाची सफाई कितीही वेळा केली तरी वाया जाते. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

नळाचं पाणी नको, त्यातले क्षार त्याच बारीक छिद्रांत बसतात. काच पुसायचं द्रव नको. स्पिरिटही टाळा, काही पिगमेंट शाया (रंगाचे बारीक कण असलेल्या) त्याने उलट गोळा होतात. सिरिंजने द्रव ढकलायचा मोह होतो, पण माझं एक हेड मी त्यातच गमावलं. जोर जास्त झाला, आतलं सील सुटलं आणि पिवळ्यात काळं मिसळायला लागलं. ते पुन्हा सुधारलं नाही. सिरिंज वापरायचीच असेल तर दट्ट्या इतका हळू दाबा की द्रव थेंबाथेंबाने उतरेल. अडलं तर थांबा.

आता बदलणं. एचपी आणि कॅननच्या हेडमध्ये शाई तापवून बुडबुड्याने थेंब उडवतात. शाई नसताना छापत राहिलं तर तापवणारा बारीक भाग जळतो, आणि जळलेलं छिद्र कुठल्याही द्रवाने सुरू होत नाही. त्यामुळे टिश्यूवर पट्टे स्वच्छ उमटतात पण नोझल चेकमध्ये तीच रेघ गायब, असं दिसलं की सफाई थांबवून कार्ट्रिज बदला. एप्सन आणि ब्रदरचं हेड दाबाने चालतं, असं जळत नाही, म्हणून तिथे दोन-तीन दिवस भिजवून पाहायला हरकत नाही. तरीही नाही जमलं, तर हेड आणि मजुरी मिळून किती होईल ते आधी विचारा. बऱ्याचदा ती रक्कम नव्या प्रिंटरच्या जवळ जाते, आणि मग जुन्यावर खर्च करायला मी सुचवणार नाही.

हेड सुरू झालं, तर आठवड्यातून एक रंगीत पान छापा आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. छपाई चालू असताना भिंतीवरचं बटण बंद केलं तर हेड टोपीवर परत जात नाही, उघडंच राहतं आणि तिथेच वाळतं.